आत्याच्या गाडीत मागे कोण बसतं

आमच्या आत्याबद्दल गावात एक बातमी पक्की आहे: ती ड्रायव्हिंग स्कूलच्या नावाखाली लग्नं जमवते.

"बोर्ड नुसता देखावा हो," चावीवाले सांगतात. त्यांचं दुकान आत्याच्या ऑफिसला लागून, म्हणजे बातमी अगदी भिंतीपलीकडची. आवाज खाली आणि भुवया वर नेऊन ते पुढे म्हणतात, "एक पुढे, एक मागे, शेजारी ही बाई. तासतासभर फिरवते दोघांना. गाडी शिकवायला दोघं कशाला लागतात? जमवते, जमवते!"

खरं काय ते मी सांगते. एकोणीस वर्षांत आत्याच्या गाडीतून लग्न एकच जमलं. त्या जोडप्याला अजूनही गाडी धड लावता येत नाही. तो खाली उतरून हातवारे करतो, ती आत बसून ओरडते. बाकी शेकडो जोड्या झाल्या, त्या लग्नाच्या नव्हेत. एका जोडीत तर हेडमास्तर होते आणि त्यांनीच शाळेतून काढलेला मुलगा होता. मुलगा चालवायचा, हेडमास्तर मागे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय बावन्न, उंची स्टिअरिंगच्या जरा वर. ऑफिसात तीन खुर्च्या, एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराबाहेर पांढरी गाडी. या गाडीला ब्रेक दोन आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक आत्याच्या. शाळा सुटली की मी तिथेच असते. गाडी निघाली की मलाही मागे बसवतात, कारण ऑफिसात एकटी राहिले की मी फोनवर आत्याच्या आवाजात बोलते, असा अनुभव आहे.

नवीन माणूस नाव घालायला आलं की आत्या दोन प्रश्न विचारते. पहिला, "राहता कुठे?" दुसरा, "तिथे कुणाशी बोलत नाही?"

लोक आधी चपापतात. मग डॉक्टरला पोटातलं सांगावं तसं सांगून टाकतात. "वरच्या मजल्यावरच्यांशी नाही." "कालव्यापलीकडच्यांशी नाही. आपलं त्यांचं काय?" "म्हाताऱ्यांशी! सगळेच शिकवायला बसतात." आत्या मान डोलावते, वहीत लिहिते आणि नेमका तसाच माणूस शोधून त्याच तासाला बसवते. एक चालवतो, दुसरा मागे. अर्ध्या तासाने अदलाबदल.

मागच्याला गप्प बसायची परवानगी नाही. त्याला म्हणायचं बघणारा. त्याने दिसेल ते मोठ्याने सांगायचं. "पुढे सायकल. बाई, कडेवर मूल. कुत्रं, झोपलंय." आणि चालवणाऱ्याने प्रत्येक वेळी म्हणायचं, "दिसलं." "दिसलं" आलं नाही की आत्याचा पाय ब्रेकवर.

"म्हणजे मागे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या," एक वकील एकदा म्हणाले.

"शेळी दिसली तर तीही सांगा," आत्या म्हणाली.

ही पद्धत तिची स्वतःची नाही. एकोणिसाव्या वर्षी, दहा वर्षांच्या बाबांचा हात धरून ती या गावात आली, तेव्हा इथली भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती. खोकी भरायच्या कारखान्यात काम मिळालं. "पुढचा" आणि "लवकर" हे दोन शब्द सोडले तर सात महिने तिच्याशी कुणी काही बोललं नाही. मग कारखान्याची गाडी चालवायला माणूस हवं होतं म्हणून ती शिकायला गेली. तिथल्या मास्तरांकडे गाडी एक आणि माणसं ढीगभर, म्हणून ते दोघा-दोघांना कोंबायचे. आत्याच्या मागे बसली बेकरीवाली. बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुठलं दुकान कुणाचं, कुणाची सून कुणाशी भांडली, सगळं ती मागून ओरडून सांगायची आणि आत्या अर्धं न कळता "दिसलं, दिसलं" करत गाडी हाकायची.

"सहा आठवड्यांनी मला गाडी येत होती, भाषा येत होती आणि निम्म्या गावाची भांडणं तोंडपाठ होती," आत्या सांगते.

बाबांना शाळेत घालायला बेकरीवालीच बरोबर गेली होती. फॉर्म तिने भरला, हाताचं पीठ त्या कागदाला लागलं. बाबांना एरवी कुठल्याही गोष्टीत विनोद सापडतो, पण तिच्यावर त्यांनी कधी विनोद केलेला नाही. ती बाई मागे बसली नसती तर बाबा शाळेत गेले नसते, आणि मी आज कुणाची नक्कल करत कुठे असते, कोण जाणे.

आता यंदाची गोष्ट. एकाच आठवड्यात दोघं नाव घालायला आले.

पहिले टपालकाका. चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर तयारच होतं.

"त्या उंच इमारतींमधल्यांशी. कालव्यापलीकडे. बाहेरून येऊन बसलेत सगळे. तिथे माझा भाजीचा वाफा होता, बावीस वर्षं. हौद मी बांधला होता, या हातांनी. एक दिवस जागा सोडायच्या नोटिसा आल्या. आणि त्या वाटल्या कुणी? मी! माझी मलासुद्धा मीच दिली, बाई!"

दुसरी नर्सताई. दूरच्या देशातून आलेली, राहायला त्याच उंच इमारतींत. तिकडे बारा वर्षं नर्स होती. इथे हॉस्पिटलच्या तळघरात चादरींच्या घड्या घालत होती. आता तिला खरं काम मिळत होतं, घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायचं, इंजेक्शन द्यायचं. अट एकच, महिनाअखेरपर्यंत लायसन्स. दोनदा ती नापास झाली होती. तिसरी परीक्षा बावीस दिवसांवर होती. ती हुकली की काम दुसरीला आणि ताई परत तळघरात.

कुणाशी बोलत नाही, या प्रश्नावर ती तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुणाशीच नाही, ताई. कुणी विचारत नाही."

आत्याने दोघांची नावं एकाच ओळीत लिहिली.

"हिच्या हातात माझा जीव द्यायचा?" पहिल्या दिवशी टपालकाकांनी गाडीत बसायच्या आधीच विचारलं.

"हातात कुठे? तुमचा जीव माझ्या पायाखाली आहे," आत्या आपल्या ब्रेककडे बोट करून म्हणाली. "बसा."

नर्सताई गर्दीत झकास चालवायची. गोंधळ व्हायचा तो रस्ता रिकामा झाला की. तिच्या देशात गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात. चार गाड्या पुढे असल्या की त्यांच्या मागोमाग ती बरोबर राहायची. रस्ता मोकळा झाला की तिचे हात माहेरी जायचे. गाडी हळूच, अगदी सभ्यपणे, भलत्या बाजूला सरकायची. वळायच्या आधी इंडिकेटर म्हणून जी कांडी ओढायची, तिने कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरायचे. दोन्ही परीक्षा तिने रिकाम्या रस्त्यावरच घालवल्या होत्या.

टपालकाकांची तऱ्हा वेगळी. वळताना ते सायकलवाल्यासारखा हात बाहेर काढायचे. म्हणजे एक हात स्टिअरिंगवर, एक खिडकीबाहेर, आणि गिअर वाऱ्यावर. शिवाय प्रत्येक फाटकापाशी गाडी आपोआप मंदावायची.

"का थांबलात, काका?"

"थांबलो कुठे? इथे दर आठवड्याला मासिक यायचं."

बघणारा म्हणूनसुद्धा ते सायकल आणि कुत्रं सांगतच नसत. "हिरवं दार. म्हातारी एकटी. बेल बंद आहे, खिडकी वाजवावी लागते."

"दिसलं," ताई म्हणायची.

"पुढचा जिना अंधारा. दोन पायऱ्या तुटक्या."

"दिसलं. काका, आणि ते निळं दार?"

ती विचारायला लागली, कारण तिला पुढे याच दारांमध्ये जायचं होतं. काकाही सांगायचे, पण तिच्याकडे न बघता, जणू रस्त्यालाच सांगतायत.

ताईच्या बोलण्याची नक्कल मी एकदा ऑफिसात करून दाखवली. चांगली जमली होती. आत्या हसली नाही. "नक्कल करायची तर ज्याची करतेस त्याच्यासमोर कर," ती म्हणाली. "समोर करवत नसेल, तर ती नक्कल नव्हे." टपालकाकांची मी त्यांच्यासमोर करते, ते खूश होऊन सुधारणा सुचवतात. ताईची मी पुन्हा केली नाही.

तेराव्या दिवशी घात झाला. कालव्याकडेचा रस्ता पूर्ण मोकळा. काका कुठल्याशा घराच्या कुंपणाबद्दल सांगण्यात रंगले होते, आणि गाडी सरकली. वळणावरून समोर दुधाची व्हॅन आली. आत्याने ब्रेक मारला तो असा, की माझं कपाळ पुढच्या सीटला लागलं आणि काकांचा चष्मा उडून काच फुटली. व्हॅनवाला शिव्या घालत निघून गेला. कुणालाही काही झालं नव्हतं. तिथेच संपायला हवं होतं.

पण काका घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाच्या जिभेला ब्रेक नसतो. "असं चालतं तिकडे जाऊन चालवा की! आधी आमची जागा घेतली, आता रस्ताही तुमचाच का?"

नर्सताईने इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. किल्ली आत्याच्या हातात ठेवली, दार उघडताना मागून कुणी येत नाही ना ते नीट पाहिलं, आणि कालव्याच्या कडेने घराकडे चालत गेली.

दोन दिवस दोघांपैकी कुणी आलं नाही. आत्याने फोन केला. "ताई, मी चादरी घालीन घड्या. तिथे कुणी ओरडत नाही," एवढं म्हणून नर्सताईने फोन ठेवला.

तेव्हा मी पैज लावली. म्हटलं, "आत्या, हे दोघं आता एका गाडीत बसत नाहीत."

"बसतील," आत्या तक्ता पुसत म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी मागे टपालकाकाच असतील."

"अगं, किती बोलले ते! मी जिंकले तर ऑफिसच्या फोनवरचा निरोप माझ्या आवाजात. म्हणजे तुझ्या आवाजात, पण माझ्या."

"आणि हरलीस तर सहा महिने दर रविवारी गाडी धुवायची. आतून, बाहेरून."

हातावर हात मारला. मला गाडी धुवायचं चित्रसुद्धा डोळ्यांसमोर आलं नाही, इतकी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी टपालकाका आले ते नाव काढून टाकायला. चष्म्याची एक काच नव्हती. नवी मिळायला पाच दिवस लागणार होते. आत्याने वाद घातला नाही, समजावलं नाही, रागावलीही नाही. तिने टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं.

"काढते नाव. जाता जाता एवढं पोचवाल? तिची परीक्षेची चिठ्ठी आहे. ही नसली तर आत घेत नाहीत."

काकांनी पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. पाकिटावर ताईचं नाव आणि खाली "उंच इमारती."

"पत्ता अर्धवट आहे."

"वहीत तेवढाच आहे."

वही मी पाहिली होती. मजला, दाराचा नंबर, सगळं होतं. मी तोंड उघडलं, आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी मूग गिळले.

"अर्धवट पत्त्याचं टपाल परत पाठवायचं असतं," काका म्हणाले.

"तुम्ही पाठवायचात?"

काका ताठ झाले. "चाळीस वर्षांत एकही नाही."

"पण आता चष्मा नाही तुम्हाला. राहू द्या, मी बघते काहीतरी."

"चष्मा नसला म्हणून काय झालं? ही पोरगी वाचेल की पाट्या!"

आणि अशा रीतीने, स्वतःच्याच पायांनी, मी माझी पैज हरायला निघाले.

तीन इमारती, शहाण्णव दारं, चार-पाच लिप्यांमधल्या पाट्या. काकांनी खालपासून सुरुवात केली. दार वाजवायची त्यांची एक पद्धत आहे: दोनदा हलकं, मग एकदा खणखणीत, मग एक पाऊल मागे. पहिल्या दारात बनियनवर एक माणूस आला. त्याने काकांचे गुडघे पाहिले आणि काही न बोलता खुर्ची आणली. तिसऱ्या दारातल्या आजींनी पाणी दिलं. पाचव्या दारात दोन बहिणींचं आपसात भांडण झालं, ताई दुसऱ्या इमारतीत की तिसऱ्या यावर. काकांनी भांडण मिटवलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत आमच्या मागे सहा मुलं गोळा झाली होती आणि काका त्यांना, नंबर नसलेलं दार कसं ओळखायचं, ते शिकवत होते.

मुलांनीच अंगणातून जवळची वाट दाखवली. तिथे, दोन इमारतींच्या मधे, हौद होता. कडा झिजलेल्या, आत निम्मं पाणी, पाण्यावर कागदी होड्या. काका थांबले. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"गळतो का?" त्यांनी एका मुलाला विचारलं.

"गळतो."

"गळायचाच. तो कोपरा मी घाईत केला होता." आणि वाकून, गुडघ्याला हात लावून, त्यांनी एक अडकलेली होडी बोटाने सोडवून दिली.

नर्सताईचं दार तिसऱ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर सापडलं. तिने दार उघडलं. काका एक पाऊल मागे, सरळ उभे.

"टपाल."

तिने पाकीट घेतलं. काका जायला वळले नाहीत.

"त्या दिवशी मी बोललो," काका अखेर म्हणाले, चौकटीकडे बघत. मग तिच्याकडे बघून, "वाईट बोललो. एकदा पेटीत पडलं की टपाल परत काढता येत नाही. दुसरं पाठवता येतं, तेवढंच. म्हणून आलो."

ताईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पत्ता पूर्ण नाही. कसं शोधलंत?"

"अठ्ठावन्न दारं वाजवली. तुमच्या खालचे गृहस्थ चांगले आहेत. त्यांची आई आजारी असते, माहीत आहे?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग काय बघता तुम्ही?" काका ओरडले, आणि ताई हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तिने दार पूर्ण उघडलं आणि आम्हाला आत बोलावलं.

परीक्षेला सहा दिवस उरले होते. आत्याने गर्दीचे रस्ते सोडले आणि रोज रिकामेच घेतले. उपाय निघाला तो मागच्या सीटवरून. "तुम्ही रस्त्याकडे बघता, म्हणून चुकता," टपालकाका म्हणाले. "मी आयुष्यभर दारांकडे बघत गेलो. ज्या बाजूचे नंबर बसल्या जागी वाचता येतात, ती तुमची बाजू. नंबर लांब गेले की समजा चुकलात. म्हणा मोठ्याने."

"अठरा," ताई म्हणाली. "वीस. बावीस."

"बावीसमध्ये कुत्रा आहे."

"दिसलं. चोवीस."

आत्याचा पाय ब्रेकवरून उचललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परीक्षेच्या दिवशी मागे एका माणसाला बसता येतं, पण बोलायला बंदी असते. टपालकाका नवा चष्मा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या तोंडावर स्वतःचा हात घट्ट धरून बसले. आत्या आणि मी फुटपाथवर. पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा आवाज त्यांनी माझ्याहून बरा काढला. साहेबांनी गाडी मुद्दाम कालव्याकडेच्या रस्त्याला घातली. पूर्ण मोकळा रस्ता. ताईचे ओठ हलायला लागले.

"काय पुटपुटताय?" साहेबांनी विचारलं.

"घरं," ताई म्हणाली. "एकेचाळीस. त्रेचाळीस."

साहेबांनी मागे वळून काकांकडे पाहिलं. काकांनी तोंडावर दुसरा हातही दाबून धरला. गाडी पंचेचाळीस, सत्तेचाळीस करत आपल्या बाजूने, काठाकाठाने, शेवटपर्यंत गेली.

आमच्यासमोर येऊन थांबली तेव्हा ताई लगेच उतरली नाही. काच खाली करून तिने निकालाचा कागद बाहेर धरला. आत्याने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून नुसती उभी राहिली. तिला त्या वेळी बेकरीवाली आठवली असणार. मी विचारलं नाही. काही वेळा मलाही गप्प बसता येतं.

(टपालकाका पुढच्या महिन्यात नापास झाले. फाटकं. पुन्हा बसणार आहेत. त्यांच्या मागे नर्सताई बसते.)

पैज हरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी बादली घेऊन आत्याच्या गाडीशी उभी होते, तर शेजारी एक छोटी गाडी येऊन थांबली. तिच्यावर नर्सताईच्या कामाचा शिक्का, आणि काचेपर्यंत चिखल. गावाबाहेर कुणाचा तरी पाय बांधून ती आली होती. ऑफिसच्या दारातून आत्या म्हणाली, "पैज गाडी धुवायची होती. कुठली ते काही ठरलं नव्हतं."

"आत्या, ही फसवणूक आहे!"

"चाकंसुद्धा," आत्या म्हणाली. मी दोन्ही धुतल्या.